दवाखान्यातून उभी राहिलेली प्रयोगशाळा

भोसरीच्या एमआयडीसीत दिवसभर टेम्पोंची ये-जा चालते. वर्कशॉप, गोदामे आणि कारखान्यांच्या शेजारात, जी ब्लॉकमध्ये, केंद्र सरकारची एक संशोधन संस्था आहे. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था हे तिचे मूळ नाव. पुण्यात मात्र तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ‘नारी’च म्हणत आले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, ऑक्टोबर १९९२ मध्ये ती स्थापन केली. संस्थेचा इतिहास लिहायचा तर इमारती, उपकरणे आणि संचालकांची नावे क्रमाने द्यायची, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. नारीच्या बाबतीत तो सोडलेला बरा. या संस्थेच्या हाती जे मोलाचे लागले, त्यातले बरेचसे प्रयोगशाळेच्या टेबलावर नव्हे, तर गुप्तरोगाच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या माणसांशी बोलताना लागले. प्रयोगशाळा त्या दवाखान्याच्या मागून उभी राहिली.

एचआयव्हीची लागण भारतात पहिल्यांदा आढळली ती १९८६ मध्ये, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि त्यांतले काही बाधित निघाले. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थिरावलेल्या मराठी घरातल्या.) त्या काळी ‘हा परदेशी रोग, आपल्या संस्कारी समाजात कुठला यायला’ असे बोलणारे शहाणे कमी नव्हते. पाच-सहा वर्षांत त्यांचे बोलणे बंद झाले. मुंबईतल्या कामाठीपुऱ्यातून आणि मुंबई-पुण्यातल्या रुग्णालयांतून येणारे आकडे झपाट्याने चढत होते. १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नाको’, उभी केली आणि नियंत्रणाचा पहिला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. नारीही त्याच वर्षीची. पुण्याची निवड झाली यात नवल नव्हते. विषाणूंवर काम करणारी संस्था इथे १९५२ पासून होती. पुढे तीच राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणजे एनआयव्ही झाली. विषाणू हाताळायची सवय असलेले हात शहरात होतेच.

हाताशी नव्हती ती माहिती. लागण कोणाला होते, कशी होते, वर्षाला किती वेगाने होते, याची भारतातली उत्तरे कोणाकडेच नव्हती. आफ्रिकेतले आणि अमेरिकेतले आकडे उचलून इथे लावणे हा एक मार्ग होता, आणि सरकारी कागदांत तो सर्रास वापरलाही जात होता. नारीतल्या मंडळींनी दुसरा मार्ग धरला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. रॉबर्ट बोलिंजर आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर भागीदारी झाली आणि मे १९९३ पासून पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्री-पुरुषांची पद्धतशीर नोंद सुरू झाली. डॉ. जे. जे. रॉड्रिग्ज, डॉ. दीपक गडकरी, डॉ. संजय मेहेंदळे, डॉ. रमण गंगाखेडकर, डॉ. अरुण रिसबूड, डॉ. रमेश परांजपे ही त्या पहिल्या फळीतली नावे.

हे काम कसे चाले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. दवाखान्यात येणारा माणूस एचआयव्हीसाठी येत नसे. त्याला ‘गरमी’ झालेली असे, ‘परमा’ झालेला असे. जांघेत गाठ, इंद्रियावर जखम, लघवीला जळजळ. त्याला हवे असे ते इंजेक्शन आणि लवकर सुटका. त्याला बाजूच्या खोलीत बसवायचे, अभ्यास काय आहे ते मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगायचे, संमती घ्यायची आणि मग प्रश्न. लग्न झाले आहे का? बायको जवळ राहते की गावी? पहिला संबंध कोणत्या वयात? गेल्या तीन महिन्यांत कितीजणींकडे गेलात? निरोध वापरलात का, प्रत्येक वेळी की कधीमधी? आपल्या सख्ख्या भावाशीही ज्या विषयावर माणूस बोलत नाही, तो विषय एका अनोळखी समुपदेशकापुढे, पंख्याच्या घरघरीत, बाहेर रांग खोळंबलेली असताना. मग तपासणी, मग रक्त. नमुन्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. नमुना एलायझा चाचणीच्या ताटलीत जायचा. शहाण्णव खळग्यांची ती प्लॅस्टिकची ताटली. ज्या खळग्यात प्रतिपिंडे असतील तिथे शेवटच्या टप्प्यात पिवळा रंग उतरतो. रंग उतरला तर खातरजमेची दुसरी चाचणी. आणि काही दिवसांनी त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, निकाल.

१९९३ मध्ये निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर हातात द्यायला फारसे काही नव्हते. जी औषधे होती ती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. सरकारी दवाखान्यांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधे, सुरू झाली ती १ एप्रिल २००४ ला, म्हणजे पुढे अकरा वर्षांनी. तरीही लोक दर तीन महिन्यांनी पुन्हा येत राहिले, नमुने देत राहिले, प्रश्नांना उत्तरे देत राहिले. शास्त्रीय निबंधांत याला ‘पाठपुरावा’ असा एक कोरडा शब्द असतो. त्यामागे समुपदेशकांची आणि समाजसेवकांची किती चिकाटी होती, हे निबंधाच्या तळाशी दिलेल्या आभारांच्या ओळीत मावत नाही.

पहिला मोठा निबंध १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २,८०० रुग्णांपैकी २३.४ टक्के एचआयव्हीबाधित. दवाखान्यात येणाऱ्या जवळजवळ चौघांत एक. त्याच सुमारास मेहेंदळे आणि सहकाऱ्यांनी दुसरा, अधिक अस्वस्थ करणारा आकडा मांडला: बाधा नसलेल्यांचा मागोवा घेतला तर वर्षाला शंभरांत सुमारे दहाजणांना नव्याने लागण होत होती. आणि ज्यांच्या जननेंद्रियावर जखम, त्यांचा धोका अधिक. कारण उघड आहे. जखमेतून विषाणूला वाट मिळते, आणि ज्या पेशींवर तो हल्ला करतो त्याच पेशी जखमेभोवती गोळा झालेल्या असतात. म्हणजे गुप्तरोगाचा वेळेवर उपचार हाही एचआयव्ही रोखण्याचा एक मार्ग ठरत होता. गुप्तरोगाचा विभाग रुग्णालयाच्या मागच्या कोपऱ्यात, मुतारीशेजारी टाकायची आपली जुनी रीत किती महागात पडत होती, याचाही हा हिशेब होता.

या सगळ्या कामात एक निष्कर्ष असा निघाला की त्याने संस्थेची दिशाच बदलली. दवाखान्यात स्त्रियाही येत. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात ९१६ स्त्रियांची नोंद झाली. त्यांपैकी ५२५ देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यांच्यात बाधितांचे प्रमाण ४९.९ टक्के निघाले. भयंकर, पण अनपेक्षित नाही. उरलेल्या ३९१ जणी देहविक्रय न करणाऱ्या, बहुतेक विवाहित. त्यांच्यात हे प्रमाण १३.६ टक्के होते. साधारण सातजणींत एक. धोका कशामुळे वाढतो हे ताडून पाहिले, तेव्हा देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत निरोधाचा अनियमित वापर, जननेंद्रियावरची जखम अशी कारणे पुढे आली. या दुसऱ्या गटात ठळकपणे दिसले ते एकच: जोडीदाराला गुप्तरोग असणे. तिच्या स्वतःच्या वागण्यात शोधून सापडेल असे काही नव्हतेच.

गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध १९९७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. एकनिष्ठ विवाहित स्त्रियांमधला एचआयव्हीचा प्रसार, असा त्याचा विषय. त्यातली मर्यादा नीट समजून घ्यायला हवी: या बायका गुप्तरोगाच्या दवाखान्यात आलेल्या होत्या, तेव्हा हा आकडा पुण्यातल्या सगळ्या विवाहित स्त्रियांना लावता येत नाही. पण त्याने जे दाखवले ते पुरेसे होते. त्या दिवसांत एसटी स्टँडवरच्या, दवाखान्यांच्या भिंतींवरच्या फलकांवर एकच उपदेश असे, ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’. ती तर होतीच. तिने कोणता उपदेश पाळायचा राहिला होता? नवऱ्याला निरोध वापर म्हणावे तर ‘माझ्यावर संशय घेतेस?’ किंवा त्याहून वाईट, ‘तुझंच काही आहे का?’ असे उत्तर मिळणार. आणि अहवाल आल्यावर पांढऱ्या पायाची म्हणून घराबाहेर काढली जाणारीही पुष्कळदा तीच, कारण तपासणी तिची आधी झालेली.

पुढच्या पंधरा वर्षांतले नारीचे अनेक प्रकल्प या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतात: जिला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिचे रक्षण कसे करायचे?

एक उत्तर पुरुषांकडून काढायचे होते. हे कामही समुपदेशनाच्या खोलीतले. बाधा नसलेल्या सोळाशेहून अधिक पुरुषांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार चाचणी आणि प्रत्येक भेटीत समुपदेशन, एवढ्यावर वेश्यावस्तीत जाणाऱ्यांचे प्रमाण उतरले आणि जाणाऱ्यांमध्ये निरोधाचा वापर वाढला. ‘नुसते बोलून काय होणार’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. मंडईजवळच्या गाडीखान्यात, महापालिकेच्या डॉ. कोटणीस आरोग्य केंद्रात चालणाऱ्या नारीच्या दवाखान्याने पुढे वर्षानुवर्षे हेच केले. जागा नेमकी होती: बुधवार पेठेतली वस्ती तिथून चालत अंतरावर, आणि मंडईच्या गर्दीत कोण कुठे शिरले हे कोणी पाहत नाही. पिंपरी-चिंचवडकरांसाठी चिंचवडच्या तालेरा रुग्णालयातही असेच केंद्र होते.

वस्तीतले प्रत्यक्ष प्रतिबंधाचे काम अर्थात एकट्या संशोधन संस्थेचे नव्हते. पुण्यात सहेली संघाने, सांगलीत संपदा ग्रामीण महिला संस्थेने, म्हणजे ‘संग्राम’ने आणि तिच्यातून निघालेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने जे केले त्याचा इतिहास वेगळा आहे, आणि तो त्या बायकांनीच सांगावा. नारीचे काम मोजण्याचे. पण मोजणारा नीट मोजत असेल तर काम करणाऱ्याला आधार मिळतो. गेट्स फाउंडेशनच्या पैशातून सहा राज्यांत ‘आवाहन’ हा मोठा प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा परिणाम मोजणाऱ्या सर्वेक्षणाचे, वस्त्यांपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या ट्रकचालकांपर्यंत, समन्वयाचे काम नारीकडे आले ते याच लौकिकामुळे.

दवाखान्यातून आलेल्या रक्ताने प्रयोगशाळेलाही खाद्य पुरवले. लागण होऊन काहीच दिवस झालेत, अजून प्रतिपिंडेही तयार नाहीत, नेहमीची चाचणी ‘निगेटिव्ह’ सांगते, असे रुग्ण शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई. पुण्यात ३,८७४ जणांच्या नमुन्यांत विषाणूचे पी-२४ हे प्रथिन शोधून असे ५८ जण सापडले. ताप, सांधेदुखी, रात्रीचा घाम आणि नुकतीच झालेली जखम ही त्यांची लक्षणे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. ताप-अंगदुखी म्हणून गोळी घेऊन घरी जाणारा माणूस नेमका त्याच दिवसांत सर्वाधिक संसर्ग पसरवत असतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आणून देणारे हे काम.

अशाच नव्याने बाधित झालेल्यांच्या विषाणूंची संपूर्ण जनुकीय मांडणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. कविता लोळे या तिच्या पहिल्या लेखिका. भारतात ‘सी’ या उपप्रकाराचे राज्य आहे आणि दोन उपप्रकारांची सरमिसळ झालेले विषाणूही इथे आहेत, हे त्यातून दिसले. या निबंधाची आणखी एक गंमत आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या स्टुअर्ट रे यांनी जनुकीय क्रमांची तुलना करण्यासाठी ‘सिमप्लॉट’ नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार केला होता. त्याची पहिली ओळख या निबंधातून झाली. जगभरचे विषाणूतज्ज्ञ तो पुढे वापरत राहिले, आणि वापरताना पुण्याच्या दवाखान्यातल्या रुग्णांवरचा हा निबंध संदर्भ म्हणून देत राहिले.

सगळेच प्रकल्प फळले नाहीत, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये भारतातली एड्सवरच्या लशीची पहिली मानवी चाचणी नारीत सुरू झाली. सी उपप्रकाराच्या विषाणूची काही मोजकी जनुके एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून शरीरात सोडायची, अशी ती लस. ती टोचल्याने एड्स होणे शक्यच नव्हते. पण हे स्वयंसेवकाच्या आईला, बायकोला, शेजाऱ्याला पटवायचे काम पुन्हा समुपदेशकांकडेच आले. लस सुरक्षित ठरली, प्रतिकारशक्ती मात्र जागली ती अपेक्षेपेक्षा फार कमी. ती तिथेच थांबली. स्त्रीने स्वतः, नवऱ्याला न विचारता वापरावे असे जंतुरोधक जेल हे दुसरे स्वप्न. प्रो-२००० आणि टेनोफोविर या दोन्ही जेलांच्या सुरुवातीच्या सुरक्षितता चाचण्यांत पुण्यातल्या स्त्रियांनी भाग घेतला. पुढे आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीत २००९ मध्ये प्रो-२००० निष्प्रभ ठरले. टेनोफोविर जेलने २०१० मध्ये आशा दाखवली आणि २०१५ मध्ये ती मावळली. त्याआधी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने पुण्यातल्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास छापला: सुंता झालेल्यांना एचआयव्हीचा धोका पुष्कळ कमी, पण गरमी किंवा परम्यापासून असे संरक्षण नाही. आफ्रिकेतल्या तीन चाचण्यांनी हे नंतर पक्के केले आणि तिकडे त्यावर मोठे कार्यक्रम उभे राहिले. आपल्याकडे त्या निष्कर्षाला कोणी हात लावला नाही. का, ते वाचकाला सांगायला नको.

‘नाही’ म्हणता न येणाऱ्या स्त्रियांच्या त्या जुन्या प्रश्नाला सर्वांत जवळचे उत्तर आले ते एका वेगळ्याच बाजूने. नऊ देशांतल्या तेरा केंद्रांवर १,७६३ जोडपी निवडली गेली; प्रत्येकात एक बाधित, दुसरा नाही. पुणे आणि चेन्नई ही त्यांतली भारतातली केंद्रे. अर्ध्या जोडप्यांत बाधित जोडीदाराला औषध लगेच सुरू केले. उरलेल्यांत, त्या वेळच्या प्रघाताप्रमाणे, प्रतिकारशक्ती बरीच उतरेपर्यंत थांबले. निरोध आणि समुपदेशन दोन्हीकडे सारखे. अभ्यास २०१५ पर्यंत चालायचा होता. मे २०११ मध्येच त्याचे निष्कर्ष जाहीर करावे लागले. जोडीदाराकडूनच लागण झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झालेल्या २८ घटना होत्या. त्यांतल्या २७ उशिरा औषध घेणाऱ्या गटातल्या, लवकर घेणाऱ्या गटातली फक्त एक. म्हणजे ९६ टक्के संरक्षण. ‘सायन्स’ नियतकालिकाने २०११ मधला सर्वांत मोठा शोध म्हणून याची निवड केली.

त्याचा अर्थ सोप्या शब्दांत असा की नवऱ्याने रोज वेळेवर घेतलेली गोळी बायकोचेही रक्षण करते. तिला त्याच्याकडे काही मागावे लागत नाही, भांडावे लागत नाही. अर्थात त्यासाठी आधी त्याची तपासणी व्हायला हवी, आणि त्याने ती लपवता कामा नये. नारीत अशी जोडपी वर्षानुवर्षे येत राहिली ती नुसत्या शास्त्राच्या प्रेमापोटी नव्हे. डॉ. सीमा सहाय यांच्यासारख्या समाजशास्त्रीय अंगाने काम करणाऱ्या संशोधकांनी लोक अभ्यासात का येतात, का गळतात, ‘संमती’ म्हणजे त्यांना नेमके काय वाटते, हा संस्थेत अभ्यासाचा विषय केला. प्रयोगशाळेच्या संस्थेत असा विभाग टिकणे सोपे नसते. लवकर औषध देण्याची ती वाट देशानेही पुढे धरली: भारताने ‘तपासणी झाली की लगेच उपचार’ हे धोरण २०१७ मध्ये स्वीकारले.

नंतरचा काळ थोडक्यात. मेहेंदळे चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे संचालक झाले. गंगाखेडकर दिल्लीत आयसीएमआरच्या मुख्यालयात साथरोग विभागाचे प्रमुख होते. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी कोरोनाची माहिती देणारा त्यांचा चेहरा घराघरांत ओळखीचा झाला. घाबरलेल्या माणसाला खोटा धीर न देता, न भिववता काय सांगायचे, हे त्यांच्या बोलण्यात दिसे. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यात ज्यांनी त्यांचे काम पाहिले होते त्यांना त्यात नवे काही वाटले नसेल. त्यांच्या जागी भोसरीत कोलकात्याहून डॉ. समीरण पांडा आले, ज्यांनी मणिपुरात नशेची इंजेक्शने घेणाऱ्यांमधल्या एचआयव्हीवर काम केले होते. भोसरीतली प्रयोगशाळा कोरोनाच्या चाचण्यांत आणि किटच्या पडताळणीत गुंतली. आणि चीनमधल्या शास्त्रज्ञांनी नव्या विषाणूची वटवाघळातल्या विषाणूंशी तुलना केली तेव्हा त्यांच्याही हातात सिमप्लॉट होता.

संस्थेचे नाव आता राष्ट्रीय अनुवादात्मक विषाणूशास्त्र व एड्स संशोधन संस्था असे लांबलचक झाले आहे आणि कामाचा व्याप एचआयव्हीपलीकडे गेला आहे. देशभरच्या एचआयव्ही प्रयोगशाळांच्या चाचण्या बिनचूक आहेत की नाहीत ते तपासण्याची जबाबदारी कायम आहे. नाकोच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशातल्या प्रौढांत बाधितांचे प्रमाण ०.२१ टक्के होते, आणि बाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात.